काढून टाकलेले श्वास

त्या पत्राला त्याने उत्तर दिलं नव्हतं. हरवलं असतं तर निदान तसं म्हणता आलं असतं. पण ते हरवलं नव्हतं. स्टुडिओतल्या त्याच्या टेबलाच्या खणात, हेडफोनच्या झिजलेल्या गाद्या आणि वाळून गेलेली पेनं यांच्या संगतीत, ते पाकिटासकट नीट पडून होतं. खण दिवसातून दहादा उघडावा लागे. सुरुवातीला नजर त्या पाकिटाशी अडखळायची. पुढे अडखळेनाशी झाली, आणि ती अडखळत नाही याचंही त्याला काही वाटेनासं झालं.

पत्र एका म्हाताऱ्या भिक्खुणीचं होतं. वस्ती संपते तिथल्या एका लहानशा विहारात त्या राहायच्या. तो ज्या कंपनीत होता ती फोनवरचं एक अ‍ॅप चालवी. कुणाला झोप येत नाही, कुणाची छाती धडधडते, कुणाला कामाच्या रगाड्यात घटकाभर स्वस्थ बसायचं असतं, अशा लोकांसाठी त्यात ध्यानाचे पाठ असत. त्यातला श्वासाचा पाठ बोलायला या भिक्खुणींना, माताजींना, बोलावलं होतं. ध्वनिमुद्रण त्याने केलं, नंतरची साफसफाईही त्यानेच केली, आणि पाठ लोकांच्या कानात जाऊन बसला. त्यानंतर काही आठवड्यांनी हे पत्र आलं.

पत्रात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. रागाला काहीतरी उत्तर सुचतं. माताजींनी लिहिलं होतं, की विहारात येणाऱ्या एका मुलीने फोनवर पाठ लावून दाखवला. शब्द सगळे माझेच आहेत. पण मी मध्ये मध्ये श्वास घेतला होता, तो कुठे गेला? मी थांबले होते, ते थांबणं कुठे गेलं? ऐकणाऱ्याने श्वास घ्यायचा कुठे? तो परत घाला. घालता येत नसेल तर माझा आवाज तिथून उतरवा. काय केलंत ते कळवा, म्हणजे मी निश्चिंत होईन.

श्वास कुठे गेला हे त्याला चांगलं ठाऊक होतं. श्वास काढून टाकणं हे त्याचं कामच होतं. उभी हयात त्याने आवाज साफ करण्यात घालवली होती. बोलणारा माणूस दोन वाक्यांच्या मध्ये हवा ओढतो, ओठ चाटतो, आवंढा गिळतो. पडद्यावर शब्द टेकड्यांसारखे दिसतात आणि श्वास दिसतो तो दोन टेकड्यांमधल्या धुरकट पट्टीसारखा. पट्टी धरायची, कळ दाबायची, टेकड्या जवळ आणायच्या. त्याच्या बोटांना हे इतकं अंगवळणी पडलं होतं की कान वापरायची गरज उरली नव्हती. त्याच सवयीने त्याने माताजींचा पाठही साफ केला. ‘आता श्वासाकडे नुसतं बघा,’ असं म्हणून त्यांनी सावकाश श्वास घेतला होता, तोही गेला. शिवाय पाठ चहाच्या सुट्टीत बसला पाहिजे अशी वरून ताकीद होती, म्हणून मधल्या शांत जागाही आवळल्या. पाठ छान झाला, असं सगळे म्हणाले. हा पाठ श्वासाचा आहे आणि आपण त्यातले श्वास काढले, हे पत्र येईपर्यंत त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

उत्तर लिहायला तो बसला नव्हता असं नाही. पुस्तकांत वाढलेला माणूस, पत्र कसं लिहावं हे त्याला कळत होतं. ‘आदरणीय माताजी’ लिहून झालं की पुढचं वाक्य खोटं वाटायचं. श्वास परत घालायचे तर पाठ लांबणार, तो निर्णय वरच्यांचा. आवाज उतरवायचा तर कारण सांगावं लागणार, आणि कारण म्हणजे तो स्वतः. उद्या बघू म्हणत त्याने पाकीट खणात ठेवलं. पहिले काही दिवस लाज वाटली. मग लाजेचा भार कमी झाला. मग काहीच उरलं नाही.

हे काहीच न उरणं त्याला नवीन नव्हतं. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गालाला जीभ लावून बघावी आणि गाल दुसऱ्याच कुणाचा तरी वाटावा, तसा तो बरीच वर्षं स्वतःला वाटत होता. ऑफिसात त्याचं बरं चाललं होतं. कुणी वेळेवर काम दिलं नाही, कुणी त्याच्या नावावर चूक ढकलली, तरी त्याचा आवाज चढत नसे. तरुण मंडळींनी त्याचं नावच, बौद्ध भिक्खूंना म्हणतात तसं, ‘भन्ते’ पाडलं होतं. “भन्तेंना विचार, त्यांना काही फरक पडत नाही,” असं कौतुकाने म्हणायचे. वर्षानुवर्षं समतेचे आणि अलिप्ततेचे पाठ साफ करता करता ते आपल्यातही मुरले असावेत, असं त्याला अधूनमधून खरोखरच वाटे. मुद्रण संपल्यावर माताजी काचेपलीकडून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या होत्या. मग माइकमध्येच त्यांनी विचारलं होतं, “तुम्ही शांत आहात, की दमलेले आहात?” तो म्हणाला होता, “माताजी, या वयात दोन्ही एकच.” त्या हसल्या नाहीत. विनोद काचेतून पलीकडे पोचला नसेल, असं समजून त्याने मुद्रणाचा दिवा बंद केला.

घरी तो आणि ताई. लग्न त्याने केलं नव्हतं. म्हणजे विचारायचं राहून गेलं. ताई त्याच्याहून मोठी, शिवणकाम शिकवून निवृत्त झालेली, जिभेला धार असलेली. पत्र आलं त्या वर्षी तिला छातीचा मोठा आजार झाला. आजार गेला पण दम परत आला नाही. पलंगापासून खिडकीपर्यंत चालली तरी धाप लागायची. डॉक्टरांनी औषधं दिली आणि सांगितलं, रोज सावकाश श्वासाचा सराव करा, फोनवर भरपूर पाठ मिळतात. पुढच्या खेपेला तपासून ते म्हणाले, सुधारणा दिसत नाही, असंच राहिलं तर घरी ऑक्सिजनचं यंत्र लावावं लागेल. ताईने त्या यंत्राच्या माहितीपत्रकातला फोटो पाहिला होता, नाकात नळी घातलेली बाई हसताना. घरी आल्यावर ती म्हणाली, “हसायला काय झालंय तिला?” आणि घरी आणलेलं ते पत्रक गादीखाली सारलं. ती घाबरली आहे हे त्याला दिसलं. दिसलं, एवढंच.

तो कामावर गेल्यावर ती सराव करायची, त्यामुळे कोणता पाठ लावते हे त्याने कधी विचारलं नव्हतं. एका सुट्टीच्या सकाळी तो चहाचे कप घेऊन तिच्या खोलीत गेला, तर ती खिडकीपाशी खुर्चीत ताठ बसली होती आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेल्या फोनमधून माताजी बोलत होत्या. आत येतोय, बघा. बाहेर जातोय, बघा. शब्दांना शब्द लागलेले. ताई त्यांच्या मागे धावत होती. सुटलेल्या बसमागे धावावं तशी, एक श्वास पुरा व्हायच्या आत दुसरा धरत. मानेच्या शिरा ताठल्या होत्या, ओठांचा रंग उतरला होता. मध्येच खोकल्याची उबळ आली. खोकून झाल्यावर तिने डोळे पुसले, पाठ पहिल्यापासून लावला आणि वर्गातल्या ढ पण चिकट मुलीसारखी पुन्हा ताठ बसली.

त्याने कप खाली ठेवले. रोज असं होतं का, असं विचारलं.

“होतं की,” ताई म्हणाली. “माझंच फुप्फुस आळशी. ही बाई बघ, माझ्याहून मोठी असेल, पण एका दमात सगळं म्हणून टाकते. कुठे श्वास घेते देव जाणे. तिच्यापुढे मला लाज वाटते रे.”

“हा नको लावूस. दुसरा लाव.”

“का? तूच केलायस ना? शेजारणीला सांगून ठेवलंय मी, माझ्या भावाच्या हातचा आहे म्हणून.”

चहा निवेपर्यंत तो तिथेच उभा राहिला. आपल्याला आता काहीतरी वाटायला हवं, असा विचार त्याच्या मनात आला आणि तो कुणी दुसऱ्याने केल्यासारखा निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने स्टुडिओत मूळ मुद्रण उघडलं. पडद्याकडे पाठ करून बसला आणि ऐकलं. त्यात माताजी बोलण्याआधी हवा आत घेत होत्या, थोडी घरघरणारी, वयाची. खुर्ची करकरत होती. एका वाक्यानंतर त्या इतका वेळ थांबल्या की मुद्रणाच्या वेळी त्याने काचेआडून बटण दाबून विचारलं होतं, “माताजी, ऐकू येतंय ना?” तो त्याचा स्वतःचा आवाज. त्यावर त्यांचं उत्तर, “येतंय. श्वास घेतेय.” हे सगळं त्याने तेव्हा डोळ्यांनी पाहिलं होतं आणि कापलं होतं. मुद्रणं बाहेर न्यायची नाहीत असा नियम होता आणि तो नाकासमोर चालणारा माणूस होता. तरी त्याने प्रत आपल्या फोनवर घेतली आणि घरी येऊन ताईच्या फोनवर घातली.

ताईने ती ऐकली, डोळे मिटून, हात मांडीवर. माताजी थांबल्या तेव्हा तीही थांबली. पुढचा शब्द येईना तेव्हा तिने एक डोळा उघडून फोनकडे बघितलं आणि पुन्हा मिटला. शेवटपर्यंत खोकला आला नाही.

“ही दमते रे,” ती म्हणाली. तिच्या तोंडावर विद्यार्थिनीला पास झाल्याचं कळावं तसा भाव होता. “खुर्ची पण वाजते हिची. आधीची बाई कोण होती मग?”

त्याने सांगितलं, तीच होती. त्यातून आपण काय काय काढलं तेही सांगितलं. ताईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, एवढी वर्षं तू हा धंदा करतोस होय, मला वाटायचं आवाज वाढवतोस.

त्यानंतर ती रोज तोच पाठ लावू लागली. सुधारणा मुंगीच्या पावलांची होती, पण होती. एकदा ती जिना चढून आली तेव्हा वर आल्यावर शेजारणीशी वाद घालायला तिच्यात दम शिल्लक होता. त्याने ते दारातून ऐकलं. बरं वाटायला हवं होतं. बहुधा वाटलंही असेल, लांबून कुठूनतरी.

मग तो मॅडमकडे गेला. मॅडम म्हणजे त्याच्या वरच्या, त्याच्या निम्म्या वयाच्या, पण त्याला मान देऊन बोलणाऱ्या. कापलेल्या पाठाच्या जागी मूळ मुद्रण लावावं का, असं त्याने विचारलं. त्यांनी तुसडेपणा केला नाही. समजावून सांगितलं, की पाठात शांतता आली की लोकांना वाटतं फोन अडकला. लगेच बोट लावतात, पाठ बंद होतो, मग परत येत नाहीत. तरी त्यांच्याजवळ याच्यावर तोड होती. माताजींच्या मुद्रणावरून यंत्राचा आवाज तयार करायचा, हुबेहूब. नवे पाठ त्या आवाजात वदवायचे, म्हणजे म्हातारीला येण्याजाण्याचा त्रास नको. आणि गंमत म्हणजे त्यात श्वासही घालता येतात, हवे तेवढे. “तुम्हीच ठरवा, भन्ते, किती घालायचे. तुमच्याइतका श्वासांचा जाणकार कोण आहे?” त्या मनापासून म्हणाल्या.

त्याने विचारलं, माताजींना हे चालेल का.

परवानगीचा कागद त्यांनी मुद्रणाच्या दिवशीच दिलेला आहे, मॅडम म्हणाल्या. “त्यांनी मागाहून लेखी नको म्हटलं असतं तर प्रश्न वेगळा होता. तसं काही आलेलं नाही.”

तो टेबलाशी येऊन बसला. खण उघडला. पाकीट जागेवर होतं. ते फाडून टाकलं असतं तर कुणाला कळलं नसतं, आणि ठेवून दिलं असतं तरी कळलं नसतं. आजवर कळलं नव्हतंच. फक्त, उद्यापासून माताजी न बोललेलं बोलू लागतील, न घेतलेले श्वास घेऊ लागतील, आणि किती घ्यायचे हे तो ठरवेल. कुठल्याशा खिडकीपाशी कुणाची तरी ताई ताठ बसून त्यांच्यामागे धावेल. हे त्याने थंड डोक्याने पाहिलं. तो उठला आणि पत्र मॅडमच्या पुढ्यात ठेवलं.

त्यांनी वाचलं. तारीख पुन्हा बघितली.

“हे केव्हा आलं?”

“तेव्हाच.”

“आणि तुम्ही खणात ठेवलंत? भन्ते, पाकिटावर नाव तुमचं असलं तरी हे पत्र तुमच्या एकट्याचं नव्हतं.” त्यांचा आवाज चढला नव्हता, खाली गेला होता. “इतके दिवस काही वाटलं नाही तुम्हाला?”

“नाही,” तो म्हणाला. “मला वाटायचं, मी शांत आहे.”

मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या. “आम्हालाही तसंच वाटायचं,” त्या म्हणाल्या आणि फोन उचलला.

त्याच दिवशी दुपारी पाठ उतरला. यंत्राच्या आवाजाचा बेत बारगळला. माताजींना कंपनीकडून रीतसर दिलगिरीचं पत्र जाईल, असं त्याला सांगण्यात आलं. त्याच्या नावाने येणारं टपाल यापुढे दुसरं कुणीतरी उघडेल, आणि बोलण्याचे पाठ त्याच्याकडे येणार नाहीत. त्याला पंख्यांच्या आवाजांवर बसवलं. पंख्याची घरघर ऐकत झोपणारी माणसं पुष्कळ असतात. पंखा श्वास घेत नाही, त्यामुळे चुकायला जागा नव्हती. ‘भन्ते’ म्हणून हाक मारायचं मंडळींनी हळूहळू सोडलं. त्याऐवजी काय म्हणावं हे कुणाला सुचलं नाही, म्हणून खांद्याला हात लावून बोलू लागले.

घरी त्याने ताईला सगळं सांगितलं, पत्रापासून. ती शिव्या देईल म्हणून त्याने मनाची तयारी केली होती. तिने फोन हातात घेतला, त्यातल्या पाठाकडे बघितलं आणि फोन पालथा घातला.

“म्हणजे बाईने उतरवा म्हणून सांगितलंय, आणि मी घरात लावून बसलेय.”

तो म्हणाला, ही घरातली गोष्ट आहे, कुणाला कळणार.

“तुला कळतंय ना? मला कळतंय.” ती थांबली, हवा घेतली. “चोरून मला नको. तिला विचार. ठेव म्हणाली तर ठेवते.”

“कंपनीचं पत्र जाणार आहे तिला.”

“तिने कंपनीला विचारलं होतं का, बाळ्या? तुला विचारलं होतं.”

बाळ्या म्हणून त्याला हाक मारणारं आता जगात एकच माणूस उरलं होतं. डॉक्टरांकडे जायची तारीख जवळ येत होती. ताई सकाळी खिडकीपाशी बसायची, फोन पालथा, आणि आठवणीवरून सराव करायचा प्रयत्न करायची. मध्येच चुकायची, खोकायची. तिने एकदाही फोन सुलटा केला नाही, आणि त्याला पत्राची दुसऱ्यांदा आठवणही करून दिली नाही. ती किती हट्टी आहे हे त्याला माहीत होतं. नळी घालून बसेल, पण लावणार नाही.

रविवारी तो जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसला. ‘आदरणीय माताजी’ लिहिलं. दुसरं वाक्य नेहमीप्रमाणे खोटं झालं, ते खोडलं. कामाचा ताण, वरच्यांचे नियम, अ‍ॅपची पद्धत, हे सगळं एका परिच्छेदात छान जुळून आलं होतं. तो परिच्छेद त्याने दोनदा वाचला आणि त्यावर आडवी रेघ मारली. ताईने आतून विचारलं, किती पानांचं लिहितोयस, तिला वाचायला जन्म पुरला पाहिजे. मग त्याने लिहिलं:

‘तुमचे श्वास मी काढले. सवयीने काढले, बघितलंही नाही. तुमचं पत्र मला वेळेवर मिळालं होतं. उत्तर न देण्याला कारण नाही. तुमचा आवाज आता तिथून उतरवला आहे. तुम्ही विचारलं होतं की मी शांत आहे की दमलेला. दोन्ही नाही. मला बऱ्याच गोष्टींचं काही वाटत नाही, आणि ते वाईट आहे एवढं आता कळतं. त्याला काय करावं हे माहीत नाही.

‘एक विचारायचं आहे. तुमचं पूर्ण मुद्रण, श्वासांसकट, मी न विचारता घरी नेलं. माझ्या मोठ्या बहिणीची छाती अधू आहे, तिला त्याने उतार पडत होता. तुम्ही उतरवा म्हटल्याचं कळल्यापासून तिने ते लावलेलं नाही. तिने ते ठेवावं की नाही, ते कळवा. नको म्हणालात तर पुसून टाकीन. कृपा करून लवकर कळवा. घाई करण्याचा हक्क मला नाही, हे जाणून लिहितो.’

साफ करून पुन्हा लिहावं असं त्याच्या मनात आलं. खोडलेल्या ओळी ठळक दिसत होत्या. मग साफ करता करता आणखी एक आठवडा जाईल, हे त्याला स्वतःबद्दल पक्कं माहीत होतं. त्याने कागद तसाच दुमडला. ताईने पाकिटावरचा पत्ता वाचून बघितला, एक अक्षर नीट लागत नव्हतं ते गिरवून दिलं आणि म्हणाली, जा आता.

सोमवारी कामावर जाण्याआधी तो टपाल कार्यालयात गेला. रांगेत त्याच्या पुढे एक बाई मोठं खोकं घेऊन उभी होती. तिचं काम बराच वेळ चाललं. एकदोनदा त्याला वाटलं, परत यावं, दुपारी गर्दी कमी असेल. तो रांगेतच राहिला. खिडकीतल्या माणसाने पाकीट तराजूवर ठेवलं, तिकीट चिकटवलं, शिक्का मारला आणि न बघता मागच्या पिशवीत टाकलं.

“आणखी काही?”

“नाही,” तो म्हणाला.

“मग पुढच्यांना येऊ द्या.”

तो बाजूला झाला.